‘व्हॅम्पिर’ पाहताना कॉन्ट्रास्टला हात लावू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कार्ल थिओडोर ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा १९३२ सालचा ‘व्हॅम्पिर’ तुम्ही चौघांनी गुहागरला घरी लॅपटॉपवर पाहिला. चित्र फिकट, धुऊन काढल्यासारखं दिसत होतं, म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवला. तरीही कुणी दचकलं नाही. रक्त पिणारं भूत म्हणावं तसं दिसलंच नाही, मधेच पुस्तकाची पानंच्या पानं वाचावी लागली, आणि नायक मेला होता की त्याला स्वप्न पडलं होतं यावर चौघांचं एकमत होईना. आता मार्चमध्ये गावच्या वाचनालयात हाच चित्रपट दाखवावा असं तुमच्या मनात आहे. यात एवढं काय आहे आणि दाखवायचा तर कसा, असं तुम्ही विचारलंय.

सुरुवात कॉन्ट्रास्टपासूनच करतो, कारण तिथेच तुमच्या हातून चित्रपट निसटला. तो फिकटपणा म्हणजे प्रत खराब असल्याची खूण नव्हे. ड्रायर आणि त्याचा कॅमेरामन रुडॉल्फ माते यांनी तो मुद्दाम, एकेका शॉटला मेहनत घेऊन मिळवला होता. या दोघांनी त्याआधी १९२८ साली जोन ऑफ आर्कवरचा मूकपट केला होता. त्यातले चेहरे इतके स्वच्छ आणि रेखीव आहेत की कातडीवरची छिद्रंही मोजता येतील. म्हणजे लख्ख चित्र कसं काढायचं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

झालं होतं असं. सुरुवातीच्या दिवसांचे रशेस, म्हणजे लॅबमधून धुऊन आलेली पहिली फिल्म, बघताना एक शॉट राखाडी, धुरकट निघाला. कुठला तरी भलताच उजेड थेट लेन्सवर पडला होता. दुसऱ्या कुणी तो शॉट फेकून दिला असता. ड्रायरला वाटलं की सबंध चित्रपट असाच दिसायला हवा. मग तोच अपघात रोज जाणूनबुजून घडवायचा म्हणून लेन्सपुढे थोड्या अंतरावर पातळ जाळीचं कापड धरून, त्यावर उजेड खेळवून त्यांनी शूटिंग केलं.

हे मला इतकं आतून कळतं त्याला कारण आहे. मी चौतीस वर्षं कॅमेऱ्यामागे काढली, त्यातली पहिली अकरा सहायक म्हणून. त्या काळात देवगडच्या बाजूला एका खाडीवर आम्ही एका मालिकेचं शूटिंग करत होतो. जानेवारीतली पहाट होती, पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडच्या काठाची माडबन जेमतेम कळत होती. रिफ्लेक्टर धरणाऱ्या पोराचा हात कलला आणि कोवळ्या उन्हाची तिरीप लेन्समध्ये शिरली. लेन्सवर भलता उजेड येऊ नये म्हणून पुढे मॅट बॉक्स नावाची चौकट असते, तिची पट्टी खाली करायचं काम माझं होतं, ते राहून गेलं. आठ दिवसांनी मुंबईच्या लॅबमधून रशेस आले तेव्हा होडीतला माणूस, पाणी, आकाश सगळं एकाच राखेत कालवल्यासारखं झालं होतं. मला सगळ्या युनिटसमोर बोलणी बसली आणि शॉट पुन्हा घेतला. दुसऱ्या खेपेचा शॉट नीट होता, त्यात होडी होती, माणूस होता. पहिल्यातला माणूस मात्र मला आजही दिसतो. तो या काठावरचा वाटतच नव्हता. पुढे पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला ‘व्हॅम्पिर’ पाहिला तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच मी खुर्चीत ताठ बसलो. माझी ती चूक इथे सव्वा तास चालली होती.

यातलं तंत्र सोपं आहे. भलता उजेड लेन्सवर आला की तो चित्राच्या काळ्या भागावर आधी चढतो. पांढरं होतं तेवढंच राहतं, काळं मात्र राखाडी होतं. काळ्या-पांढऱ्यातलं अंतर मिटत जातं, कडा विरघळतात, भिंत आणि तिच्यापुढचा माणूस एकाच पिठाचे वाटू लागतात. तुम्ही लॅपटॉपवर कॉन्ट्रास्ट वाढवलात म्हणजे ते मिटवलेलं अंतर परत आणलंत. भिंत पुन्हा भिंत झाली आणि माणूस माणूस. भीती या दोहोंमध्ये काय आहे हे न कळण्यात होती, ती गेली.

आपली भीतीची कल्पना काळोखाशी जोडलेली आहे. कोकणात तर जास्तच, कारण लहानपणी आपण काळोख खरोखर पाहिलाय. वीज गेलेली, पाऊस कोसळतोय आणि परसाकडे जायचंय. पण आमची आजी वेगळंच सांगायची. पहाटे खाडीकडे निघालेल्या मासेवाल्यांबद्दल बोलताना म्हणायची, “थंय भूत नाय रे, पण तो उजेड बरो नाय.” तिला म्हणायचा होता तो सूर्य उगवायच्या आधीचा उजेड, ज्यात सावली पडत नाही आणि समोरून येणारा माणूस ओळखीचा की परका हे दहा पावलांवर येईपर्यंत कळत नाही. ‘व्हॅम्पिर’ सगळा त्या उजेडात घडतो. गोष्टीत रात्र आहे, पण काळीकुट्ट रात्र कुठेच नाही.

गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. ॲलन ग्रे नावाचा तरुण संध्याकाळी नदीकाठच्या एका खानावळीत उतरतो. रात्री कुलूप लावलेल्या खोलीत एक म्हातारा शिरतो, ती मरता कामा नये असं काहीसं बोलतो आणि माझ्या मृत्यूनंतर उघडा असं लिहिलेलं एक पुडकं ठेवून जातो. तो म्हातारा शेजारच्या वाड्याचा मालक असतो. त्याच्या दोन मुली, लिओन आणि जिझेल, यांपैकी लिओनला कुणीतरी चावलंय आणि ती झिजत चाललीय. मागे आहे मार्गरीट शोपाँ नावाची कधीच मेलेली म्हातारी, आणि तिला साथ देणारा गावचा डॉक्टर. शेरिडन ल फानू या आयरिश लेखकाच्या १८७२ सालच्या कथासंग्रहावर हे बेतलंय. त्या संग्रहातली ‘कार्मिला’ ही कथा ‘ड्रॅक्युला’ कादंबरीच्या पंचवीस वर्षं आधीची आहे. तिच्यातली रक्तपिपासू बाई तरुण आणि देखणी आहे. ड्रायरने तिची काठी टेकत चालणारी, जवळजवळ आंधळी वाटणारी म्हातारी केली. हा बदल मला फार मोठा वाटतो. तिच्याकडे ओढलं जाण्याचं काही कारणच उरत नाही, तरी सगळे तिच्या ताब्यात आहेत.

आता सावल्या. तुम्ही लिहिलंय की सावल्यांचे खेळ गमतीदार वाटले. पुन्हा बघाल तेव्हा प्रत्येक सावलीपाशी थांबून दोन प्रश्न विचारा: ही कुणाची, आणि दिवा कुठे आहे? तळ्याकाठी एक पोर धावतंय, पण फक्त पाण्यात, काठावर कुणीच नाही. कबर खणणाऱ्याची सावली दिसते आणि माती खड्ड्यातून बाहेर पडण्याऐवजी उडून फावड्यावर येते, कारण तो शॉट उलटा चालवलाय. लाकडी पायाच्या शिपायाची सावली एकटीच भिंतीवरून चालत येते, बाकावर बसलेल्या त्या शिपायाशेजारी बसते आणि त्याला जाऊन मिळते, जणू बाहेर फिरायला गेलेली घरी आली. पुढे याच सावलीच्या हातातल्या बंदुकीची गोळी वाड्याच्या मालकाला लागते आणि तो खरोखर मरतो.

तुम्ही कधी कुडाळजवळ पिंगुळीला गेला असाल तर तिथल्या ठाकर समाजाचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिला असेल. मी पोरवयात पाहिला तेव्हा पडद्याच्या मागे जाऊन बसलो होतो. बाहुली पडद्याला चिकटवली की सावलीची कड चाकूने कापल्यासारखी यायची. तीच बाहुली दिव्याकडे मागे ओढली की सावली फुगायची आणि कडा पिंजायच्या. म्हणजे सावली बघून आपल्याला नकळत कळतं की वस्तू कुठे आहे आणि दिवा कुठे आहे. डोळा हे गणित सतत करत असतो. ड्रायरच्या चित्रपटात भिंतीवरच्या सावलीची कड बघून डोळा हिशेब मांडतो की माणूस इथे, दोन हातांवर असला पाहिजे. आणि तिथे कुणी नसतं. लॅपटॉपच्या पडद्यावर सावली तळहाताएवढी असते, म्हणून हा हिशेब डोळा करतच नाही. मोठ्या पडद्यावर, माणसाच्या उंचीची सावली समोर आली की तो आपोआप सुरू होतो. गमतीदार वाटणं आणि अंगावर काटा येणं यात या बाबतीत फक्त आकाराचा फरक आहे.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. नेहमी कॅमेरा माणसामागे जातो, तो बघतो ते आपल्याला दाखवतो, मग परत त्याच्याकडे येतो, आणि आपण त्याचं बोट धरून चालतो. इथे कॅमेरा ग्रेचं बोट मधेच सोडतो. भिंतीवरून, दारावरून स्वतःच सरकत जातो आणि परततो तेव्हा ग्रे भलत्याच जागी उभा असतो, जिथे तो एवढ्यात पोचायला नको होता. त्या घरांचा नकाशा काढायचा मी दोनदा प्रयत्न केला, जमला नाही. एवढ्या काटेकोर माणसाकडून हे चुकून झालेलं नाही. आपण कुणाच्या डोळ्यांनी बघतोय हेच कळत नाही, आणि घरात आणखी कुणीतरी बघणारं आहे अशी शंका मनात घर करते.

आवाजही तसाच. शूटिंग जवळजवळ मुकं झालं, फ्रान्समधल्या कूर्तांपिएर गावात, १९३०-३१ मध्ये. तीन भाषांत प्रती काढायच्या म्हणून नटांनी मोजकी वाक्यं वेगवेगळ्या भाषांत ओठांनी म्हटली आणि आवाज नंतर बर्लिनमध्ये भरले. त्यामुळे बोलणं तोंडातून न येता शेजारच्या खोलीतून आल्यासारखं लागतं. डॉक्टरच्या घरी ग्रेला पोराचं रडणं आणि कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येतं, तो विचारतो, तर डॉक्टर सांगतो की इथे पोर नाही आणि कुत्रीही नाहीत. आपणही ते आवाज ऐकलेले असतात. एवढं साधं वाक्य, पण तिथून पुढे मी चित्रपटातल्या कुठल्याही आवाजावर विश्वास ठेवू शकत नाही. जुन्या कारखान्याच्या भिंतीवर सावल्या संगीताच्या तालावर नाचत असतात, म्हातारी हात उगारून ओरडते, गप्प! आणि सगळं जागच्या जागी थांबतं. सबंध चित्रपटात कुणी मोठ्याने ओरडण्याचे प्रसंग इतके कमी आहेत की तो आवाज थोबाडीत बसल्यासारखा लागतो.

आता ज्या जागेसाठी मी हा चित्रपट दरवर्षी एकदा तरी लावतो तिथे येतो. लिओन अंथरुणात आहे. तिचं काम करणारी सिबिले श्मिट्झ ही इथल्या मोजक्या व्यावसायिक नटांपैकी एक. बाकी बहुतेक हौशी, ड्रायरने चेहरे बघून जमवलेले. डॉक्टर तर त्याला रात्री उशिरा पॅरिसच्या मेट्रोत सापडला. लिओन आधी रडते, मरण आलं तर बरं म्हणते. मग रडणं ओसरतं. डोळे वर जातात, छताकडे कुठेतरी लागतात आणि हळूहळू सरकू लागतात, वर काहीतरी चालतंय आणि ती त्याच्यावर नजर ठेवून आहे अशा बेताने. सरकत सरकत नजर बहिणीवर येऊन थांबते. ओठ विलग होतात, दात दिसतात. सुळे लावलेले नाहीत, रंग फासलेला नाही, आवाज नाही. आजारी मुलीचा तोच चेहरा आहे, फक्त त्याच्या मागे दुसरंच कुणीतरी येऊन बसलंय, आणि त्याला भूक लागलीय. जिझेल मागे सरकते. नंतर लिओनच्या चेहऱ्यावर ओशाळेपण येतं आणि मला सगळ्यात जास्त हलवतं ते हेच, कारण ती मुलगी अजून आत आहे आणि आपलं काय झालं हे तिला समजलंय.

कॅमेरामन म्हणून सांगतो, हा प्रसंग लाइटिंगने झाकून नेता आला असता. खालून एक लाइट मारला, डोळ्यांत ठिणगी दिली की झालं भूत. माते तसं काही करत नाही. उजेड आधी होता तसाच राहतो आणि कॅमेरा तिला वेळ देतो. १९३१ साली अमेरिकेत बेला लुगोसीचा ‘ड्रॅक्युला’ आला. त्यात त्याच्या डोळ्यांवर उजेडाचा पट्टा टाकलेला आहे आणि तोही परिणाम करतो, मी त्याला कमी लेखत नाही. पण तिथे आपण बाहेरून आलेल्या परक्याला घाबरतो. इथे अंथरुणातली आपली बहीण आहे.

मग शवपेटी. लिओनला रक्त देऊन ग्रे अशक्त झालाय. तो बाकावर बसतो आणि त्याच्यातून दुसरा पारदर्शक ग्रे उठून चालू लागतो. त्याला एक शवपेटी सापडते. आत तोच पडलेला आहे, डोळे उघडे. झाकणाला चेहऱ्याच्या जागी काच आहे. आणि इथून कॅमेरा पेटीच्या आत जातो. झाकणाचे स्क्रू आवळले जातात. काचेवर मेणबत्ती ठेवली जाते. म्हातारी वाकून काचेतून बघते, म्हणजे आपल्याकडे बघते. पेटी उचलतात आणि मग त्या चौकोनी काचेतून वरचं सगळं सरकत जातं: छत, दाराची चौकट, आकाश, झाडांचे शेंडे, चर्चचा मनोरा.

माझ्या वयाच्या कोकणातल्या माणसाने हे दृश्य जन्मात एकदा तरी पाहिलेलं असतं, फक्त जिवंतपणी. सातवीत असताना मला टायफॉइड झाला होता. आमच्या वाडीत गाडी येत नव्हती, म्हणून चौघांनी मला बाजेवर घालून पाणंदीने डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. मी उताणा. दोन्ही बाजूंचे गडगे दिसत नव्हते, उचलणाऱ्यांची तोंडं दिसत नव्हती, फक्त माडांचे शेंडे एकामागून एक पायांकडे सरकत होते आणि त्यांच्यामधल्या फटीतून पांढरं आकाश. कुणी बोललं की आवाज खालून यायचा. आपल्याला नेताहेत, कुठे ते आपण ठरवत नाही, आणि हे सगळं फार शांत आहे, एवढंच मला समजत होतं. ड्रायरने त्या शांतपणाला हात लावलाय. त्या प्रसंगात ग्रे धडपडत नाही, किंचाळत नाही. ल फानूच्या त्याच संग्रहात जिवंतपणी शवपेटीत अडकलेल्या माणसाची कथा आहे, तिथून ही कल्पना आली. पण काचेतून वर बघायला लावणं चित्रपटाचं स्वतःचं आहे.

दोन वर्षांपूर्वी मी हा चित्रपट वेंगुर्ल्याला आमच्या खळ्यात दाखवला होता. शेजारच्या एक वयस्क बाई शेवटपर्यंत बसल्या. उठताना त्यांनी मला एकच विचारलं, “तो झिल मेलो काय जितो?” तुमच्या चौघांचा वाद तोच आहे, आणि तो वाद सोडवायची गरज नाही. पेटी बाकापाशी येते, बाकावरचा ग्रे जागा होतो, पेटी विरून जाते. त्यानंतरचा ग्रे कुठला, हे ड्रायर सांगत नाही. मी त्या बाईंना म्हटलं, मलाही तेच विचारायचंय. त्यांना हे उत्तर पटलं, कारण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या आणि तो पोरगा नदी ओलांडून गेला म्हणजे काय, यावर आम्ही तासभर बोललो. नदीचा उल्लेख त्यांनी आपणहून केला. सुरुवातीला खांद्यावर मोठा विळा घेतलेला म्हातारा तरीवरची घंटा वाजवून होडी बोलावतो. शेवटी ग्रे आणि जिझेल धुक्यात होडीने पलीकडे जातात आणि काठावरून जाळ करून, गाऊन त्यांना वाट दाखवली जाते. होडीची तर बंद होऊन पूल झाले त्याला आपल्याकडे फार काळ नाही लोटला. धुक्यात पैलतीरावरून हाक आली की होडी त्या हाकेवर न्यायची, हे ज्यांनी केलंय त्यांना तो शेवट समजावून सांगावा लागत नाही.

पुस्तकाच्या पानांबद्दल तुमची तक्रार अर्धी मान्य. पानं जास्त वेळ पडद्यावर राहतात आणि चित्रपट तिथे थोडा बसतो. पण ती काढून टाकली तर काय राहील ते बघा. आपल्याकडच्या भुताखेतांना हद्द असते. देवचाराची वाट ठरलेली, मुंजाचा पिंपळ ठरलेला. आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो अशी श्रद्धा आहे. काही बिघडलं तर घाडी, म्हणजे गावचा मांत्रिक, येतो, गाऱ्हाणं घालतो, म्हणजे निदान कुणाशी बोलायचं ते ठाऊक असतं. ड्रायरच्या गावात यातलं काही नाही. म्हातारी कुठेही पोचते, सावली कुणाचीही असते. त्या पुडक्यातलं पुस्तक म्हणजे त्या गावाचा घाडी. तेच पहिल्यांदा नाव देतं, कारण सांगतं, उपाय सांगतं. आणि लक्षात घ्या, नायक स्वतःहून फारसं काही करत नाही. पुस्तक वाचून कबर उघडायला, लोखंडी पहार घेऊन जायला निघतो तो वाड्याचा म्हातारा नोकर. नायक गुळमुळीत आहे असं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. ते काम निकोलस द गुन्झबुर्ग या धनिक उमरावाने टोपणनावाने केलंय आणि चित्रपटाला पैसाही त्यानेच पुरवला. तो नट नव्हता. पण झोपेत चालल्यासारखा त्याचा वावर इथे शोभून जातो. कसलेल्या नटाने घाबरून दाखवलं असतं आणि आपण त्याचं घाबरणं बघत बसलो असतो.

डॉक्टरचा शेवट तुम्ही पत्रात लिहिलाच नाहीत, म्हणजे कॉन्ट्रास्टने तोही खाल्ला असणार. तो पिठाच्या गिरणीत, जाळीच्या पिंजऱ्यासारख्या जागेत अडकतो आणि वरून पीठ पडू लागतं. यंत्र शांतपणे फिरत राहतं. पीठ खांद्यावर, मग छातीपर्यंत, मग हात तेवढा दिसतो. भाताच्या गिरणीत कोंड्याच्या धुरळ्यात पाच मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला इथे श्वास छातीत अडकल्यासारखा होईल. सबंध चित्रपट पांढऱ्याकडे सरकत होता, तो इथे पूर्ण पांढरा होतो. मधून मधून होडी आणि धुकं दिसतं, तेही पांढरंच, पण तिकडे श्वास घेता येतो. जर्मन सेन्सॉरने हा मृत्यू आणि कबरीतला पहारीचा प्रसंग कापायला लावला होता.

त्या वेळी चित्रपट आपटला. मे १९३२ मध्ये बर्लिनला पहिला खेळ झाला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली. ड्रायरची तब्येत आणि मन दोन्ही खचलं आणि त्याचा पुढचा पूर्ण लांबीचा चित्रपट थेट १९४३ मध्ये आला. मूळ निगेटिव्ह शिल्लक नाही. आज आपण बघतो ती प्रत जर्मन आणि फ्रेंच प्रतींचे तुकडे जुळवून उभी केलेली आहे, त्यामुळे काही ओरखडे, काही उड्या दिसतील. त्या खऱ्या आहेत, धुरकटपणा मात्र त्यांच्यामुळे आलेला नाही. दोन्हीत गल्लत करू नका.

वाचनालयात दाखवायचं म्हणताय तर हे करा.

डागडुजी केलेली जर्मन प्रत मिळवा. फुकट फिरणाऱ्या बऱ्याच प्रतींत चित्राच्या कडा कापलेल्या असतात. मूळ चित्र जवळजवळ चौरस आहे, रुंदी उंचीच्या १.१९ पट. प्रोजेक्टर ते ताणून पडदाभर करायला बघेल, तो पर्याय बंद करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यात, आणि शक्य झालं तर तेवढ्या भागावर खरंच काळं कापड सोडा. पिक्चर मोडमध्ये व्हिव्हिड, डायनॅमिक असलं काही नको, सिनेमा मोड ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय असेल तर ती पहिली बंद करा, ती या चित्रपटाचा जीव घेते.

हॉलच्या खिडक्या मात्र कडेकोट झाका. चित्रातला काळा आधीच राखाडी आहे, त्यात रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडद्यावर आला तर उरलेलंही जाईल. ड्रायरने मोजून आत घेतलेला उजेड आणि नगरपंचायतीच्या खांबावरून आलेला उजेड यांत फरक आहे. उघड्यावर दाखवायचा विचार असेल तर पौर्णिमेच्या आसपासची तारीख टाळा आणि साडेआठच्या आधी सुरू करू नका. खारं वारं पडलेलं असतं आणि मतलई सुटलेली नसते तेवढ्या वेळात चादर हलत नाही. आमच्या खळ्यात पहिल्या वेळी चादर हलली आणि सावल्या खरंच चालू लागल्या. पोरं खूश झाली, पण लिओनचा चेहरा पार गेला. चादर बांबूच्या चौकटीवर ताणून, खालून विटांनी दाबून घ्या.

आवाज कमी ठेवा, पण स्पीकर पडद्याजवळ असू देत. पंखे बंद करता आले तर करा, मार्चमध्ये ते कठीण आहे हे मान्य. वोल्फगांग त्सेलरचं संगीत दबक्या पावलांनी चालतं, पंख्याच्या घरघरीत ते हरवतं.

पुस्तकाच्या पानांचा मराठी मजकूर एका कागदावर छापून आधीच वाटा. लोक घरून वाचून येतील आणि पडद्यावर पानं आली की फक्त अक्षरांकडे बघतील, धडपडणार नाहीत. चालू चित्रपटात कुणी समजावून सांगू नका. मध्यंतर नको, जेमतेम सव्वा तासाचा आहे. चहा नंतर.

आधी बोलायचंच असेल तर पाच मिनिटांत आटपा, आणि आजीचं ते वाक्य सांगितलंत तरी पुरे. खिडक्यांना लावायचं जाड काळं कापड माझ्याकडे शूटिंगच्या दिवसांतलं आहे, साधारण तीस मीटर भरेल. तारीख ठरली की कळवा, घेऊन येतो. लावायला दोन माणसं आणि एक शिडी लागेल, दुपारी चारला सुरुवात केली तर अंधार पडायच्या आत होईल.